सहा दिवसांचे गणित कोणाचे?

बायबलप्रमाणे सृष्टी सहा दिवसांत झाली, म्हणून पृथ्वी सहा हजार वर्षांची, असे अनेक श्रद्धाळू मानतात; टीकाकारही तेच गृहीत धरून हसतात. मूळ मजकूर मात्र पाहावा. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सूर्य चौथ्या दिवशी येतो; मग आधीचे तीन दिवस कशाने मोजले? तिथे पशू आधी, माणूस नंतर; दुसऱ्या अध्यायात उलट क्रम. इ.स.पू. ४००४ हे वर्ष बायबलात नाही; ते आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली वंशावळ्या व जुन्या कालगणना जुळवून काढले.

मालवणच्या वर्गात परशुरामाच्या बाणाची कथाही अशीच वाचावी. कोकणच्या भूमीचा इतिहास मात्र ऊनपावसात खडक झिजून बनलेल्या, सड्यावरच्या जांभ्यात शोधायला मुलांना न्यावे.