काटकसरीची जाडजूड पुस्तके

मौनाचे महत्त्व दीड-दीड तास सांगणारे वक्ते आपल्याकडे पुष्कळ होऊन गेले. त्यांच्याच कुळातली पुस्तके हल्ली कारखानदारीत निघाली आहेत. फाजील ते सारे काढून टाका, असा उपदेश ती तीन-तीनशे पाने करत राहतात. या विद्येला इंग्रजीत 'लीन' म्हणतात. लीन म्हणजे सडपातळ, अंगावर चरबी नसलेला. मराठीत लीन म्हणजे नम्र. अर्धा घोटाळा मला वाटतं इथेच झाला. साहेब म्हणतो, कारखाना सडपातळ करायचा. कामगाराला ऐकू येतं, की आपण मान खाली घालायची.

या विषयाशी माझा संबंध मेहुण्यामुळे आला. त्याचं अंबडच्या एमआयडीसीत लहानसं वर्कशॉप आहे. बारा लेथ, पंधरा-सोळा माणसं आणि एक टेम्पो. एका मोठ्या कंपनीला तो सुटे भाग पुरवतो. (कंपनीचं नाव सांगत नाही. त्याची ऑर्डर गेली तर आमच्या घरची भाऊबीज जाईल.) कुणा ट्रेनरने त्याला 'अवश्य वाचा' म्हणून सहा पुस्तकांची यादी दिली आणि त्याने ती माझ्यापुढे टाकली.

"भावोजी, तुम्ही नाहीतरी वाचतच असता. यातलं कुठलं घेऊ तेवढं सांगा. मला एकच परवडेल, आणि त्यातलंही अर्धंच वाचून होईल."

ग्राहकाला नेमकं काय हवं ते आधी ओळखा, हे या शास्त्राचं पहिलं सूत्र आहे. मेहुण्याने ते न वाचताच सांगितलं होतं.

यादीत सर्वांत वर होतं 'द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड'. वोमॅक, जोन्स आणि रूस या तिघांचं, 1990 सालचं. अमेरिकेतल्या एमआयटीने जगभरच्या मोटारकारखान्यांचा पाच वर्षं अभ्यास केला, त्याचं हे फलित. खर्च पन्नास लाख डॉलर. काटकसरीवर एवढा खर्च दुसऱ्या कुणी केला असेल असं वाटत नाही. माहिती भरपूर आहे, पण ती लग्नाला आलेल्या पाहुण्याने मुदपाकखान्याचं वर्णन करावं तशी. जिलबी किती वाढली ते बरोबर सांगतो. आचाऱ्याचा हात कुठे भाजला ते त्याला कसं कळणार? लायकर यांचं 'द टोयोटा वे' (2004) चौदा तत्त्वांचं आहे. ज्यांना तत्त्वं लिहून भिंतीवर टांगायची हौस आहे त्यांनी ते जरूर घ्यावं. रोदर यांचं 'टोयोटा काटा' (2009) म्हणतं, की टोयोटाची अवजारं उचलून काही होत नाही, विचार करायची सवय लागली पाहिजे. खरं आहे. पण ते पहिल्या तीस पानांत पटतं आणि लेखकाला तसं वाटत नाही.

गोल्डरॅटचं 'द गोल' (1984) ही चक्क कादंबरी आहे. हा इस्रायलचा पदार्थविज्ञानाचा माणूस. त्याचा नायक एका बुडत्या कारखान्याचा मॅनेजर. तीन महिन्यांत कारखाना सुधार नाहीतर टाळं, अशी वरून धमकी. इकडे बायको घर सोडून जाते. मॅनेजर मुलांच्या सहलीबरोबर डोंगरात जातो आणि हर्बी नावाच्या लठ्ठ मुलामुळे सगळी रांग रेंगाळते, तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरीला चालत गेलेल्या कुणालाही हा प्रकाश आधीच पडलेला असतो. दिंडीचा वेग म्हणजे सगळ्यात हळू चालणाऱ्या म्हातारीचा वेग. गोल्डरॅट हर्बीला पुढे घालतो आणि त्याच्या पाठीवरचं ओझं वाटून घ्यायला लावतो. हे मात्र मला फार आवडलं. आमच्या हिने पुस्तक दोन दुपारींत संपवलं. उत्पादनाची पानं तिने गाळली. ती बायको परत येते की नाही एवढंच तिला पाहायचं होतं.

इमाई यांचं 'कायझेन' 1986 सालचं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून ज्या पाट्या दिसतात, त्या याच घराण्यातल्या. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. म्हणजे नको ते काढा, हवं ते जागच्या जागी ठेवा, झाडून घ्या, ते तसंच टिकवा आणि अंगवळणी पाडा. माझी आजी हे सगळं दिवेलागणीच्या आत उरकायची आणि तिला पाटी लागत नसे. इमाईंचा खरा उपदेश वेगळाच आहे. खुर्चीतून उठा आणि जिथे काम चालतं तिथे जाऊन उभे राहा. त्या जागेला ते 'गेम्बा' म्हणतात. हा शब्द ध्यानात ठेवा.

आता ताइइची ओनो. टोयोटाची पद्धत ज्याने कारखान्यात उभी केली तो हाच. त्याचं पुस्तक जपानीत 1978 साली आलं, इंग्रजीत 1988 साली. दीडशेच्या आसपास पानं. काटकसरीवर लिहून स्वतः काटकसर पाळणारा यादीतला हा एकमेव लेखक. टोयोटाचं मूळ मोटारीत नसून मागात आहे, हे तो आवर्जून सांगतो. साकिची टोयोडाने असा माग केला, की धागा तुटला की माग आपोआप थांबावा. येवल्याच्या पैठणीवाल्याचा हात असाच थांबतो. टोयोडाने तो हात यंत्राला बसवला. यंत्र बंद पडलं तर पाच वेळा 'का?' विचारा, असंही ओनो म्हणतो. पहिल्या 'का'ला फ्यूज उडालेला सापडतो. पाचव्याला कळतं, की पंपाला गाळणी नव्हती आणि धातूचा कीस आत गेला. आपल्याकडे दुसऱ्या 'का'पाशी कुणाला तरी मेमो मिळतो आणि चौकशी संपते.

ओनोचं आणि आमच्या घरचं जमेना ते साठ्यावरून. साठा म्हणजे त्याच्या सात पापांतलं एक. हिने उन्हाळ्यात घातलेल्या कुरडयांचे आणि पापडांचे डबे पाहून त्याला घेरीच आली असती. निफाडकडची कांद्याची चाळ त्याला दाखवायची तर सोयच नाही. ही म्हणाली, "अहो, त्याला म्हणावं, भर पावसात न सांगता चार पाहुणे येऊ देत, मग बोल." गंमत म्हणजे टोयोटाने तिचं ऐकलं. 2011 च्या भूकंपात पुरवठा तुटल्यावर त्यांनी पुरवठादारांना चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला. 2021 च्या सुरुवातीला बाकीचे मोटारवाले चिपसाठी रडत होते, तेव्हा टोयोटाचा संसार या कुरडयांवर चालला. पुढे त्यांनाही झळ लागली, ती वेगळी गोष्ट.

पण मेहुण्याच्या कामाचा मुद्दा दुसराच आहे. ओनो स्पष्ट बजावतो, की आज दहा नग, उद्या दोनशे, अशी मागणी करून मागच्याला नाचवू नका; आधी स्वतःचं काम रोज समान वाटून घ्या, मगच 'वेळेवर द्या' म्हणा. मोठ्या कंपन्यांच्या भिंतीवर 'वेळेवर' असतं, 'समान' दिसत नाही. त्यांचा साठा शून्य होतो हे खरं. तो मेहुण्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणि गेटबाहेर उभ्या टेम्पोत आलेला असतो, आणि त्याच्यावरचं बँकेचं व्याजही. मेहुण्याने ते पान दोनदा वाचलं. "याची झेरॉक्स त्यांच्या परचेसवाल्याला देऊ का?" म्हणाला. मी म्हटलं, दे. पण भाऊबीज होऊन जाऊ दे.

म्हणून सहांतलं एकच घ्यायचं तर ओनोचं. पण यादीत सातवं हवं होतं. सातोशी कामाता या पत्रकाराने 1972 साली टोयोटात सहा महिने हंगामी कामगार म्हणून काम केलं आणि रोजनिशी लिहिली. जपानीत ती 1973 साली आली. इंग्रजीत 1982 साली 'जपान इन द पासिंग लेन' म्हणून. पट्ट्याचा वाढता वेग, थकवा, अपघात, वसतिगृहातल्या रात्री, असं सगळं त्यात आहे. ओनो सांगतो सेकंद कसे वाचले. कामाता सांगतो ते कुणाच्या अंगातून काढले. गेम्बाला जा म्हणणारे पुष्कळ, हा गेला आणि सहा महिने राहिला. तरीही मी पाहिलेल्या एकाही यादीत त्याचं नाव नाही.

मी मेहुण्याला विचारलं, "तुझ्या एखाद्या पोऱ्याने तीन माणसांचं काम दोघांत होईल अशी युक्ती सुचवली, तर तिसऱ्याचं काय करशील?"

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "कायमचा असेल तर दुसऱ्या मशीनवर घेईन. कंत्राटी असेल तर…" आणि वाक्य तसंच ठेवून त्याने कामाताचं नाव यादीच्या खाली पेनाने लिहून घेतलं.

"जुनी प्रत कुठे मिळाली तर पोरांना शनिवारी वाचून दाखव. मराठीत सांगत सांगत."

"आधी मी एकटा वाचतो," तो म्हणाला.