व्याधाची हाक आणि अवधूताचे गुरू

एकनाथी भागवताच्या सातव्या, आठव्या व नवव्या अध्यायांत अवधूताने यदुराजास आपल्या चोवीस गुरूंचा वृत्तान्त सांगितला आहे. कीर्तन-प्रवचनांमुळे हा भाग मराठी श्रोत्यांच्या विशेष परिचयाचा झाला आहे. एकेका गुरूपासून एकेक बोध अशी त्याची रचना असल्यामुळे त्याचे विवेचनही बहुधा सुट्या दृष्टान्तांचे विवेचन म्हणून होते. कपोतापासून आसक्तीचा दोष, हरिणापासून श्रवणेंद्रियाचा दोष, सर्पापासून एकान्ताचा गुण, अशी यादी दिली की अभ्यासकाचे काम संपते. परंतु या तिन्ही अध्यायांतून शिकारीचे एक चित्र सलग उभे राहते आणि त्या चित्राच्या मध्यभागी शब्द आहे. कोण आवाज करतो, तो कोण ऐकतो आणि ऐकून कोणाचा नाश होतो, हा प्रश्न येथे पुनःपुन्हा उपस्थित होतो. पक्ष्याला किंवा श्वापदाला आवाजाने जवळ आणण्याची जी विद्या शिकाऱ्यांत परंपरेने चालत आली, ती समोर ठेवून हे अध्याय वाचले, तर त्यांची एकता अधिक स्पष्ट होते आणि त्यांतील एक मोठी उणीवही ध्यानात येते.

प्रथम कपोताची कथा पाहावी. चारा शोधण्यास गेलेल्या कपोत-कपोतीच्या माघारी व्याध जाळे पसरतो व पिले पकडतो. परत आलेली माता क्रंदणाऱ्या पिलांकडे आक्रोश करीत धावते आणि जाळ्यात सापडते; तिच्यामागून पिताही आपल्या पायांनी जाळ्यात शिरतो. येथे व्याधाला स्वतः हाक घालावी लागत नाही. पिलांचा आकांत हीच त्याची हाक होते. आठव्या अध्यायातील हरिणाची गोष्ट याहून निराळी आहे. तेथे व्याध गातो आणि गीताने मोहित झालेला मृग बांधला जातो. म्हणून यतीने ग्राम्य गीत ऐकू नये, असा उपदेश आहे. एका दृष्टान्तात पक्ष्याला त्याच्याच भाषेतील आर्त स्वर ओढून नेतो, तर दुसऱ्यात पशूला केवळ स्वराचे माधुर्य भुलविते. टीकाकार दोहोंना ‘आसक्ती’ या एकाच नावाखाली आणतात. शिकारीच्या दृष्टीने मात्र त्या दोन भिन्न क्रिया आहेत आणि त्यांपैकी पहिली अधिक सत्य आहे.

हे समजण्यासाठी प्रत्यक्ष विद्येकडे वळले पाहिजे. महाराष्ट्रातील फासेपारधी समाजाचे नावच फाशावरून पडले आहे. परंतु फास मांडण्याइतकेच पाखराला बोलावण्याचे ज्ञानही या विद्येत मोलाचे असते. तित्तिर पक्षी आपल्या हद्दीविषयी दक्ष असतो. परक्या नराचा स्वर कानी पडला की तो प्रत्युत्तर देतो आणि आव्हान देणाऱ्याच्या रोखाने पुढे येतो. यासाठी पाळीव तित्तिर पिंजऱ्यात ठेवून त्याला बोलते करण्याची पद्धत भारतात बऱ्याच ठिकाणी होती. काही जण तोच स्वर मुखाने काढीत. येथे माधुर्याचा संबंध नाही. तित्तिराला जे ऐकू येते त्याचा अर्थ ‘ही भूमी माझी आहे’ असा असतो, आणि तो येतो तो भांडणासाठी. ‘तित्तिर’ हे नावच त्या पक्ष्याच्या बोलीवरून पडले आहे. याज्ञवल्क्याने ओकून टाकलेले यजुस् त्याच्या सहाध्यायांनी तित्तिर होऊन वेचले, ही तैत्तिरीय शाखेची कथा प्रसिद्धच आहे.

पाणपक्ष्यांच्या बाबतीत हाकेचा अर्थ आणखी वेगळा होतो. बदके व हंस थव्याने राहणारे पक्षी आहेत. वरून उडत जाणारा थवा खाली उतरतो तो पाण्यावर आपले सजातीय निर्धास्तपणे चरत आहेत, अशी खात्री पटल्यावर. अमेरिकेत या स्वभावाचा आधार घेऊन बदकांना हाक घालण्याची विद्या विकसित झाली. लाकडी नळीत पातळ जिव्हा बसविलेल्या वाद्याने तेथील शिकारी मुख्यतः मादीचा स्वर काढतात, कारण त्या जातीत मोठ्याने बोलते ती मादी. गालांत हवा भरून फुंकणाऱ्याला हा स्वर साधत नाही. श्वास पोटातून यावा लागतो. दूरच्या थव्याला घालावयाची हाक, चरत असल्याची कुजबुज आणि वळून निघालेल्या थव्याला परत बोलावण्याची हाक हे प्रकार निरनिराळे शिकावे लागतात. केव्हा थांबावे हा यांतील सर्वांत कठीण पाठ होय. पक्षी जवळ येत असताना काढलेला एक अनावश्यक स्वर सर्व श्रम वाया घालवितो. आर्कान्सा राज्यातील स्टुटगार्ट येथे १९३६ पासून या विद्येची स्पर्धा भरत आली आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३५ मध्ये, तेथील संघशासनाने जिवंत बदके आमिष म्हणून पाण्यावर सोडण्यास बंदी केली होती. पुढे विजेच्या यंत्रातून ध्वनिमुद्रित आवाज वाजविण्यासही मनाई झाली. सोपी साधने कायद्याने काढून घेतली, आणि मनुष्याच्या श्वासावर व कानावर अवलंबून असलेली विद्या तेवढी उरली.

मराठी भाषेतील पक्षिनामे या संदर्भात उद्बोधक आहेत. टिटवी, पावशा, तित्तिर, कावळा ही शेतारानांत वावरणाऱ्या पाखरांची नावे कानाने ठेवलेली आहेत. बदकांची नावे मात्र बहुतांशी डोळ्याने ठेवलेली दिसतात. नकटा, हळदी-कुंकू, थापट्या, तलवार बदक या नावांत चोचीचा आकार, तिच्यावरील रंग, शेपटीचे टोक हेच टिपलेले आहे. शेताच्या बांधावरचा पक्षी मराठी माणसाने ऐकला आणि तळ्यावरचा पक्षी दुरून पाहिला, असा याचा अर्थ घेता येईल. म्हणून मराठी परंपरेत हाकेच्या विद्येचा शोध घ्यावयाचा तर तळ्याकाठी न जाता माळावर व रानात जावे लागते.

या विवेचनानंतर हाकेचे चार प्रकार वेगळे करता येतात. तित्तिराला घातलेली हाक आव्हानाची, बदकाला घातलेली निमंत्रणाची, कपोतीला ऐकू आलेली आर्ताची आणि हरिणाला भुलविणारी मोहाची. पहिल्या तीन हाकांत त्या त्या प्राण्याच्या जीवनाचे सूक्ष्म ज्ञान गृहीत आहे. चौथीत ते नाही. तेथे मनुष्याचे गीतप्रेम हरिणावर आरोपिलेले आहे. भागवताच्या कर्त्याने कपोताच्या दृष्टान्तात निरीक्षण दिले आणि हरिणाच्या दृष्टान्तात कविसंकेत दिला, असे म्हणावे लागते. यतीला उपदेश करण्यास संकेत पुरेसा आहे, हे खरे. तथापि दृष्टान्ताचे बळ वस्तुसत्यात असते, आणि म्हणूनच कपोताची कथा वाचकाच्या मनाला जितकी लागते तितकी हरिणाची लागत नाही.

मोहाच्या हाकेचा हाच संकेत लोकसमजुतीत नागालाही लावला गेला. पुंगी वाजली की नाग डोलतो, ही कल्पना मराठीत इतकी रुळली आहे की तिचा पडताळा घेण्याची आवश्यकता कोणास भासत नाही. येथे सांगली जिल्ह्यातील शिराळा या गावाची साक्ष महत्त्वाची ठरते. १९४९ पूर्वी अविभक्त सातारा जिल्ह्यात असलेले हे बत्तीस शिराळा समर्थस्थापित अकरा मारुतींपैकी एकामुळे आणि त्याहून अधिक नागपंचमीमुळे ख्यात आहे. भिक्षेस आलेल्या गोरक्षनाथांना एक गृहिणी मातीच्या नागाची पूजा करताना दिसली आणि त्यांनी तिला जिवंत नागाची पूजा करावयास लाविले, अशी तेथील आख्यायिका आहे. पंचमीपूर्वीचे काही दिवस गावातील तरुण शेताशिवारांतून नाग शोधीत, ते मडक्यांत ठेवीत आणि उत्सवानंतर पुन्हा सोडून देत.

या शोधात हाकेला स्थानच नव्हते. नाग बोलावून येत नाही. त्याचा माग काढावा लागतो. धुळीतील वळण, बिळाच्या तोंडाची स्थिती, टाकलेली कात, उंदरांचा वावर व वारुळाची जागा यांवरून तो कोठे असेल हे ओळखावयाचे आणि बीळ जपून उकरावयाचे, हे शिक्षण वडीलधाऱ्यांबरोबर हिंडूनच मिळे. उत्सवातही नागाने फणा उभारावी म्हणून त्याच्यापुढे खडे भरलेले मडके हलवीत. नागाची दृष्टी त्या हलणाऱ्या वस्तूचा पाठलाग करते, हे तेथील माणसांना अनुभवाने ठाऊक होते. शास्त्रही हेच सांगते. सापाला बाह्यकर्ण व कर्णपटल नसतात. जबड्याच्या हाडाशी जोडलेल्या अस्थीतून त्याला जमिनीची कंपने कळतात आणि हवेतून येणारे खालच्या पट्टीचे काही ध्वनीही जाणवतात. तो ठार बहिरा आहे ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. परंतु पुंगीच्या सुरावर तो लुब्ध होतो, हेही खरे नाही.

आता नवव्या अध्यायातील सर्प पाहावा. भागवतातील सर्प एकटा हिंडतो, स्वतःचे घर बांधीत नाही, दुसऱ्याने केलेल्या बिळात राहतो, सावध असतो आणि अल्पभाषी असतो. शिराळ्याच्या शिवारात नाग शोधणाऱ्याला हे वर्णन शब्दशः पटेल, कारण उंदराचे बीळ व वाळवीचे वारूळ हीच नागाची घरे. विशेष महत्त्वाचा आहे तो ‘अल्पभाषी’ हा धर्म. जो बोलतो त्याला बोलावता येते. जो बोलत नाही त्याला शोधावे लागते. त्याच अध्यायातील कुमारी पाहुण्यांसाठी साळी कांडताना कांकणांचा आवाज होऊ नये म्हणून हातात एकेकच कांकण ठेवते. शरकार बाण सरळ करण्यात इतका गढून जातो की शेजारून गेलेल्या राजाची त्याला वार्ताही नसते. कपोत, हरिण, कुमारी, शरकार, सर्प हे पाचही दृष्टान्त एका ओळीत मांडले म्हणजे त्यांचे सूत्र हाती येते. जो ऐकून धावला तो गेला. ज्याने आवाज केला नाही किंवा ऐकला नाही तो तरला. या अध्यायांचा मुमुक्षू अखेर मौनाकडे व बधिरतेकडे वळतो.

उणीव दिसते ती येथेच. चोवीस गुरूंत बाण करणारा आहे, मध गोळा करणारा मधुहा आहे. परंतु व्याध नाही. एकाग्रता हाच शरकाराचा गुण असेल, तर पाखराच्या एका स्वरासाठी पहाटेपासून निश्चल बसणारा व्याध त्याहून उणा कसा? एक उत्तर उघड आहे. व्याधाचे अवधान दुसऱ्याच्या प्राणावर टपलेले असते. श्रीशंकुकाच्या मताने नटाचे अनुकरण पाहणाऱ्या सहृदयाची प्रतीती चित्रातील घोड्याच्या प्रतीतीसारखी असते. ती सत्यही नव्हे आणि मिथ्याही नव्हे, म्हणूनच ती रसाला पोषक होते. व्याधाच्या अनुकरणाला मात्र श्रोत्याची पूर्ण मिथ्या प्रतीती हवी असते. ज्या क्षणी पाखराला हे अनुकरण आहे असे कळेल त्या क्षणी विद्या विफल होते. श्रोत्याच्या फसवणुकीवर आणि मरणावर उभी असलेली ही कला गुरुपदास पात्र नाही, असा निर्णय भागवताने दिला असेल, तर तो समजण्यासारखा आहे. आदिकाव्याचा उगमही क्रौंचवधाच्या प्रसंगी व्याधाच्या बाजूने न होता मागे राहिलेल्या क्रौंचीच्या आक्रोशातून झाला.

तथापि हा निर्णय पुरा न्याय्य नाही. महाभारताने वनपर्वात धर्मव्याधाला कौशिक ब्राह्मणाचा उपदेशक केले आहे. स्वतः नाथांनी भारुडांत जोशी, वासुदेव, गोंधळी यांच्या मुखांनी अध्यात्म बोलविले. शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये, वाराणसीत पूर्ण झालेल्या अठरा हजारांहून अधिक ओव्यांच्या या टीकेत मात्र व्याध मुकाच राहतो. तो जाळे पसरतो, गातो, पकडतो. परंतु त्याला काय ठाऊक आहे, हे कोणी विचारीत नाही. हे मौन पुढे केवळ ग्रंथात राहिले नाही. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची प्रथा सुरू झाली, त्यांत पारधीही सापडले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण शिक्का पुसण्यास कायदा पुरला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने व १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे दरवाजे बंद केले, आणि ते योग्यच झाले. मात्र शिकार थांबली म्हणजे शिकाऱ्याचे ज्ञानही टाकून द्यावे, असे त्यातून निष्पन्न होत नाही.

आधुनिक मराठी साहित्याने या बाबतीत प्राचीनांहून पुढचे पाऊल टाकले आहे. माणदेशातून आलेल्या व्यंकटेश माडगूळकरांनी रानाचे व प्राण्यांचे निरीक्षण ललित लेखनाचा विषय केले. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनात राहणाऱ्या माणसांच्या तोंडून पशुपक्ष्यांची नावे व लक्षणे टिपून ती मराठी कोशवाङ्मयात आणली. त्यांच्या लेखनात रानातला जाणता माणूस गुरूच्या आसनावर बसतो. अवधूताच्या यादीतील पंचविसावी जागा, उशिरा का होईना, त्याला मिळाली.

शिराळ्याची कथाही येथे पुन्हा आठवते. कायदा व न्यायालयीन आदेश यांमुळे जिवंत नागांची मिरवणूक थांबली आणि पूजा प्रतिमेकडे, म्हणजे गोरक्षनाथांच्या आख्यायिकेतील मातीच्या नागाकडे परतली. २०२५ मध्ये केंद्रशासनाने पारंपरिक ज्ञानाच्या शिक्षणापुरती एकवीस नाग पकडण्याची मर्यादित अनुमती दिली. नागाच्या हिताच्या दृष्टीने या अनुमतीविषयी मतभेद संभवतात. तिच्यामागे असलेली कबुली मात्र दुर्लक्षिण्यासारखी नाही. माग काढणे हे ज्ञान आहे आणि ते शिकवावे लागते, हे त्यात मान्य झाले आहे. नाग न पकडताही ते शिकविता येईल काय, याचे उत्तर शिराळ्याच्या लोकांनाच शोधावे लागेल. भाषेच्या अभ्यासकांचे काम त्याहून सोपे आहे. माग, कात, वारूळ, बीळ यांविषयी त्या शिवारात आणि पाखरांच्या बोलीविषयी पारध्यांच्या वस्त्यांवर जी शब्दसंपत्ती अद्याप जिवंत आहे, ती बोलणाऱ्यांकडूनच लिहून घेतली पाहिजे. अवधूताने जे विचारले नाही ते विचारण्यास आता फार काळ उरलेला नाही.