त्याग कोणाचा?

ख्रिस्तशिष्याची खूण कोणती, ह्या प्रश्नास योहानाच्या शुभवर्तमानांत सरळ उत्तर आहे. गुरु कंबरेस रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतो, आणि तुमच्या परस्परांवरील प्रीतीवरूनच तुम्ही माझे म्हणून ओळखले जाल, असें त्यांना सांगतो. मित्रासाठीं प्राण वेंचण्याची गोष्ट त्यानंतर येते. व्याख्यानपीठांवरून मात्र ही दुसरीच अधिक ऐकूं येते. पाण्याचें भांडें मागें राहतें. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ पुन्हा वाचतांना आम्हांस त्या भांड्याची आठवण झाली.

रेव्हरंड टिळकांच्या त्यागाविषयीं मराठी वाचकास नव्यानें सांगावयास नको. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेऊन ते आप्तांस मुकले. १९१७ सालीं मिशनशीं असलेला नोकरीचा संबंध सोडून त्यांनीं साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. पैसा त्यांच्या हातीं टिकत नसे. अशा पुरुषाचें चरित्र एखाद्या भक्तानें लिहितां तें संतचरित्र झालें असतें, आणि बहुधा कंटाळवाणें झालें असतें. लक्ष्मीबाईंच्या हातून तसें झालें नाहीं, ह्याचें श्रेय सर्वजण त्यांच्या विनोदास देतात. आम्हांस कारण निराळें वाटतें. ज्या घरांतून दान होई त्या घरची चूल त्यांना पेटवावयाची होती. देणाऱ्याचा हात चारचौघांस दिसतो. तें दान कोणाच्या ताटांतून उचललें गेलें, हें ह्या पुस्तकांत दिसतें. टिळकांनीं जें दिलें त्यांतलें पुष्कळसें पत्नीच्या वांट्याचें होतें, आणि तें तिला विचारून दिलेलें नव्हतें. धर्मांतराची गोष्टही तीच.

कोणी म्हणेल, पतिपत्नींत असला हिशेब कसला? लक्ष्मीबाईंनींही तो मांडलेला नाहीं. त्या रागावतात, रडतात, आणि पुढच्याच पानावर हंसतात. परंतु लेखिकेनें क्षमा केली म्हणून वाचकानें बेरीज करूं नये, असें थोडेंच आहे? दुसऱ्याच्या वांट्याचें देणें हा आमच्या मतें अर्धाच त्याग होय. टिळक थोर होते, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण उरलेला अर्धा कोणी पुरविला, हें सांगितल्यावांचून त्यांची थोरवी पुरतेपणीं कळत नाहीं.

ह्या दृष्टीनें पुस्तकाचा गाभा म्हणजे लक्ष्मीबाईंचा स्वतःचा प्रवास. त्यांच्या वडिलांचें सोवळें इतकें कडक कीं घरांत येणारें मीठसुद्धां धुतलें जाई. माणसांचा विटाळ दूर ठेवण्यासाठीं पाणी, हा त्या घरचा धर्म. त्या घरची ही मुलगी. पतीच्या धर्मांतरानंतर कित्येक वर्षें ती त्याच्यापासून वेगळी राहिली, मग एका छपराखालीं राहूनही आपलें सोवळें सांभाळूं लागली. जातिभेद तिनें सोडला तो कोणाच्या उपदेशानें नव्हे, स्वतःच्या मनाशीं भांडून. बाप्तिस्मा १९०० सालचा. दुष्काळांत अनाथ झालेलीं मुलें त्या घरांत आलीं तेव्हां त्यांचें सारें करणारी तीच होती. शुभवर्तमानांतलें पाय धुण्याचें पाणी आम्हांस येथें सांपडलें. आणि प्राणार्पणापेक्षां हें सोपें आहे, असें ज्यांना वाटतें त्यांनीं परक्यांचीं चारदोन पोरें वर्षभर सांभाळून पाहावीं.

पुस्तकास दोष नाहींत असें नाहीं. आठवणी मागेंपुढें होतात, आणि उत्तरभागांत पूर्वीची धार राहत नाहीं. लक्ष्मीबाई १९३६ सालीं वारल्या. पतीनें प्रारंभींचे थोडे अध्याय लिहून ठेवलेलें ‘ख्रिस्तायन’ त्यांनीं तत्पूर्वीं पुरें केलें होतें. तें १९३८ सालीं छापून निघालें. त्यांतला फार मोठा भाग त्यांचा आहे.