शिवजन्मतिथि आणि साक्षींची मोजदाद

शिवजन्मतिथीच्या वादांतील खरा पेंच तिथीचा नसून पुराव्याच्या पारखीचा होता, असें आमचें मत आहे. उत्तरकालीन बखरींवरून शके १५४९ धरणारे पक्षकार बखरींची संख्या पुढें करीत. परंतु एकीवरून दुसरी उतरली असेल, तर दहा बखरी मिळूनहि साक्षीदार एकच! लोकमान्य टिळकांनीं इ. स. १९१६ त जेधे शकावली प्रसिद्ध केली. तींत फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही मिति निघाली. तेवढ्यावर निकाल देणें घाईचें झालें असतें. पुढें तंजावरास सांपडलेलें परमानंदाचें शिवभारत १९२७ त छापलें गेलें. परमानंद शिवरायांच्या पदरचा कवि; त्याच्या काव्यांतहि तीच तिथि. हें वजन संख्येचें नव्हे. साक्षी परस्परांपासून दूरच्या, म्हणून तें पडतें.

मात्र शकावलीच्या कैवाऱ्यांनींहि एक पथ्य पाळावयास हवें. तींतील सोयीची नोंद प्रमाण आणि गैरसोयीची ती लेखकप्रमाद, हा न्याय नव्हे. शकावली जेधे घराण्याची. जन्मतिथि फिरवून त्या घराण्यास लाभ कांहींच नव्हता. जेध्यांच्या स्वतःच्या पराक्रमाच्या नोंदी तशा निरपेक्ष म्हणतां येणार नाहींत, आणि त्यांस दुसरा आधार मागणें आम्हांस अवश्य वाटतें.