उचल वेळेवर, मदत उशिरा : नंदुरबारच्या योजनांचा हिशेब

नंदुरबार जिल्ह्याबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'योजना भरपूर आहेत, पण लोकांना फुकटची सवय लागली.' आज आपण हेच वाक्य तपासू. आमचं म्हणणं असं, की सवय लागलीच असेल तर ती सरकारी मदतीची नाही, मुकादमाच्या उचलीची आहे. आणि तिला आपल्या योजनांचं वेळापत्रक जबाबदार आहे.

अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा भागातल्या मजूर कुटुंबाचं वर्ष बघा. आषाढ-श्रावणात घरातलं धान्य संपतं, शेतातलं पीक अजून हाती यायचं असतं. पैसा लागतो तो याच दिवसांत. तेव्हा मुकादम उचल देतो. फॉर्म नाही, खेटे नाहीत. ती फेडायला पावसाळ्यानंतर नवरा-बायको कोयता घेऊन गुजरातेत, बारडोलीकडच्या उसात जातात. मुलंही सोबत जातात. उन्हाळ्यात परततात तेव्हा अनेकदा थोडं देणं राहिलेलंच असतं. मग पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उचल.

सरकारला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पावसाळ्यातली उपासमार आणि सावकारी टळावी म्हणूनच 1978 पासून आदिवासी कुटुंबांना खावटी कर्ज मिळू लागलं. पुढे 2013-14 मध्ये ते बंद पडलं. करोनाच्या काळात ते अनुदान म्हणून परत आलं : कुटुंबाला 4000 रुपये, निम्मे रोख, निम्म्याच्या वस्तू. निर्णय सप्टेंबर 2020 चा. वस्तूंच्या पिशव्या अनेक घरी पोचेपर्यंत 2021 चा पावसाळा आला. हेतू चांगला होता, पण भूक काही फाईलसाठी थांबत नाही.

रोजगार हमीचंही असंच झालं. ही महाराष्ट्राने देशाला दिलेली गोष्ट : वि. स. पागे यांची कल्पना, 1972 च्या दुष्काळात झालेला विस्तार, 1977 चा कायदा. त्याच काळात शहाद्यात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना जमिनीसाठी, मजुरीसाठी लढत होती. म्हणजे इथल्या माणसाने काम आणि जमीन मागितली, खैरात नव्हे. पुढे 2005 च्या केंद्रीय कायद्याने 100 दिवस काम आणि 15 दिवसांत मजुरी कबूल केली. पण ही मजुरी काम झाल्यावर, हजेरीपट आणि मोजमाप होऊन खात्यावर येते. उचल कामाआधीच हातात पडते. ज्याच्या घरी आज पीठ नाही, त्याने काय निवडावं?

मग टिकाऊ काम कुठून येणार? वाट आपल्याच योजनांत आहे. 1990 च्या सुमारास रोजगार हमीला फळबाग जोडली गेली. स्वतःच्या रानात खड्डे खणायचे, आंबा लावायचा आणि त्याची मजुरीही घ्यायची. विहिरीचंही तसंच. त्यात 2006 च्या वनहक्क कायद्याने कसत असलेल्या जमिनीचा पट्टा मिळू शकतो. पट्टा, पाणी आणि झाडं एकाच घरी पोचली, तर कोयता खाली ठेवता येईल. पण आज यांची खाती वेगळी, फायली वेगळ्या. आणि आंबा धरायला चार-पाच वर्षं लागतात. तोवर रोपाला पाणी घालायला माणूस घरी हवा, आणि माणूस तर उसाच्या फडात!

म्हणून मागणी साधी आहे. खावटी जूनमध्येच द्या. दिवाळीआधी गावात काम सुरू करा आणि पहिल्या आठवड्याची मजुरी आगाऊ द्या. बाग फळेपर्यंत त्या घराला दरवर्षी काम द्या.

देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी याच जिल्ह्यात, टेंभलीला दिलं गेलं. माणूस ओळखण्याची सोय तेव्हाच झाली. आता अहवालात लाभार्थी किती, एवढंच लिहू नका. यंदा किती घरं उचल न घेता गावात राहिली, तेही लिहा. योजना यशस्वी की नाही, ते त्या आकड्यावरून ठरवू.