दिंडीदरवाजा

टीकाकारानें काव्यनाटकांवर लिहावें, फार झालें तर चित्रांवर व मूर्तींवर लिहावें, असा आपल्याकडे संकेत आहे. दारावर टीका लिहावयास बसलों तर वाचक म्हणतील, ह्या प्राध्यापकांस कॉलेजांत काम उरलेलें दिसत नाहीं. परंतु दार ही देखील कोणीतरी कोणासाठीं तरी योजलेली रचना आहे. तिच्यांत कांहीं हेतु असतो. तो कधीं साधतो, कधीं फसतो. आणि जेथें हेतु व रचना ह्यांचा मेळ पाहावयाचा असतो तेथें टीकेला जागा आहे, असें मला वाटतें. शिवाय ज्या दाराविषयीं मला लिहावयाचें आहे तें मी गेलीं कित्येक वर्षें सकाळच्या फिरण्यांत पाहत आलों आहें, आणि तें मला अजून पटलेलें नाहीं.

जालन्याच्या एमआयडीसींतून सकाळीं आठाच्या सुमारास एक फेरी मारावी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस सळयांचे कारखाने लागतात. भंगार वितळवून त्याचे ठोकळे ओतावयाचे, ते तापवून लाटावयाचे, आणि त्यांच्या सळया करून दूरदूर पाठवावयाच्या, हा येथला मोठा उद्योग. सळई बहुधा बारा मीटर लांबीची. एवढी लांब वस्तु वाहणारी गाडी आंतबाहेर वळावी म्हणून प्रत्येक कारखान्यास रुंद लोखंडी फाटक असतें. कोठें तें रुळावर सरकतें, कोठें दोन झडपांनीं उघडतें. त्या फाटकाच्या एका झडपेंत माणूस शिरेल एवढें चौकोनी दार कापलेलें असतें. इंग्रजींत ह्यास विकेट गेट म्हणतात. आमच्या रस्त्यावर 'छोटं गेट' म्हणतात. आपला जुना शब्द दिंडी. पंढरीच्या वाटेनें टाळमृदंग घेऊन चालणारा वारकऱ्यांचा मेळा तीही दिंडी, आख्यानकवींचें एक आवडतें वृत्त तेंही दिंडी, आणि मोठ्या दरवाज्यांतलें लहान दार तीही दिंडी. ह्या तिहींचा संबंध व्युत्पत्तिकारांनीं लावावा. मी त्या भानगडींत पडत नाहीं.

आठ वाजतां रात्रपाळी सुटते व दिवसपाळी आंत जाते. मोठें फाटक बंदच असतें, कारण तें गाडीसाठीं आहे. माणसांसाठीं दिंडी. ती साडेचार फुटांहून फारशी उंच नसते, आणि तिचा उंबरा जमिनीपासून वीतभर वर असतो. म्हणजे आंत जाणाऱ्यानें एकाच क्षणीं मान खालीं घालावयाची व पाय वर उचलावयाचा. ज्याच्या हातांत डबा आहे तो डबा आधीं आंत देतो. ज्याच्यापाशीं सायकल आहे तो ती मागच्या चाकावर उभी करून आंत ढकलतो व तिच्यामागून स्वतः शिरतो. येणारे व जाणारे समोरासमोर आले म्हणजे एकानें थांबलेंच पाहिजे. मी एकदां कांहीं कामानें अशाच एका दिंडींतून आंत गेलों. जातांना मान वेळेवर वांकविली, पण बाहेर येतांना ती वेळेआधीं ताठ केली, आणि कपाळावर टेंगूळ घेऊन घरीं आलों. पहारेकरी नम्रपणें म्हणाला, "सर, पहिल्या दिवशी सगळ्यांनाच लागतं." ह्या एका वाक्यांत त्या रचनेवर जेवढी टीका आहे तेवढी ह्या लेखांत उतरेल कीं नाहीं, ह्याची मला शंकाच आहे.

कारागिराची बाजूही ऐकली पाहिजे. झडपेला भोंक पाडलें कीं तिचा ताठपणा कमी होतो. सरकत्या फाटकाचीं चाकें खालच्या आडव्या पट्टीलाच बसविलेलीं असतात. ती पट्टी मध्यें कापली तर सारी झडप लचकते. म्हणून ती अखंड ठेवावयाची, आणि तिचाच उंबरा होतो. येथपर्यंत तक्रारीला जागा नाहीं. परंतु वरची कड तशी सक्तीची नाहीं. झडप सात फूट उंच असेल तर दिंडी सहा फुटांची करतां येते. बाजूंचे अँगल थोडे अधिक लांब व थोडे अधिक जाड घ्यावे लागतात, इतकेंच. तेव्हां पायाला जें अडतें तें लोखंडाच्या स्वभावामुळें अडतें, पण डोक्याला जें अडतें त्याचें कारण दुसरीकडे शोधलें पाहिजे.

तें किल्ल्यांवर सांपडतें. जालन्याच्या जुन्या तटाची आठवण आज मूर्ति दरवाजा, हैदराबाद दरवाजा अशा नांवांपुरती उरली आहे; म्हणून वाचकांना मी पुण्यास शनिवारवाड्यापाशीं नेतों. १७३२ सालीं उभा राहिलेल्या त्या वाड्याच्या दिल्ली दरवाज्याच्या झडपांवर हत्तीनें धडक देऊं नये म्हणून अणकुचीदार खिळे बसविले आहेत, आणि उजव्या झडपेंत एक दिंडी आहे. खिळे सर्वांना दिसतात. मुलें त्यांना हात लावून पाहतात. दिंडीकडे सहसा कोणी पाहत नाहीं. खरें युद्धशास्त्र तिच्यांतही आहे. शत्रु आलाच तर एकामागून एक, वांकून, मान पुढें करून येईल. आंत उभ्या असलेल्या एका पहारेकऱ्यास तेवढी संधि पुरे. येथें बुटकेपणा हा दोष नव्हे, तो गुण आहे. किंबहुना तेंच त्या दाराचें शस्त्र आहे. हेतु व रचना ह्यांचा मेळ इतका पूर्ण क्वचित् पाहावयास मिळतो.

पुढें साध्या वाड्यांनींही ती उचलली. रात्रीं मोठ्या दरवाज्याला अडसर पडे आणि उशिरा येणारा दिंडींतून येई. मात्र त्या वेळीं वाड्याचा धनीही त्याच दिंडींतून पागोटें सांभाळीत वांकून येत असे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. रात्र झाली म्हणजे दिंडी सर्वांना सारखीच बुटकी होती.

दिंडीचा दुसरा प्रकार ह्याहून निराळा आहे. ती झडपेंत नसून तटांतच असते, आणि शत्रूला वांकविण्यापेक्षां आपल्या माणसांना वाट देणें हें तिचें काम असतें. तिला चोरदिंडी म्हणतात. रायगडावर महादरवाज्याकडून टकमक टोकाकडे जाणाऱ्या तटांत अशी एक चोरदिंडी आजही दाखवितात. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत दुर्गांविषयीं जें लिहिलें आहे त्यांत, गडाला एकच दरवाजा असणें हा मोठा दोष मानला आहे. गड पाहून दोन तीन दरवाजे करावे, चोरदिंड्या कराव्या, रोजच्या राबत्याला हव्या तेवढ्या मोकळ्या ठेवून बाकीच्या चिणून घ्याव्या, असा त्यांचा अभिप्राय आहे. ज्यानें आयुष्यभर किल्ले राखण्याचाच विचार केला त्या माणसाला आंत कसें येऊं द्यावयाचें नाहीं ह्याच्या इतकीच बाहेर कसें पडावयाचें ह्याची काळजी होती. ह्या वाक्याकडे मला पुन्हां यावयाचें आहे.

तत्पूर्वीं वाङ्मयाकडे वळतों, कारण दाराचा उपयोग नाटककारांइतका कोणीं ओळखला नाहीं. अमरकोशांत पुराच्या व घराच्या अंगांत प्रच्छन्न अंतर्द्वार आणि पक्षद्वार असे दोन निरनिराळे शब्द दिले आहेत. पक्षद्वार म्हणजे बाजूचें लहान दार. शूद्रकाचें मृच्छकटिक आपण देवलांच्या मराठी अवतारामुळें जवळचें मानतों. पण हें नाटक ह्या पक्षद्वारावर किती टेकलेलें आहे हें फारसें कोणीं सांगितलेलें माझ्या वाचनांत नाहीं. पहिल्या अंकांत अंधारांत शकार पाठीस लागला असतां वसंतसेना चारुदत्ताच्या घरापाशीं येते व पक्षद्वार बंद आहे असें चांचपून पाहते. इतक्यांत बलि ठेवण्यास निघालेला मैत्रेय तेंच दार उघडतो. ती पदरानें दिवा मालवून आंत शिरते. सहाव्या अंकांत चारुदत्ताची गाडी त्याच बाजूच्या दाराशीं यावयाची असते. वसंतसेना तेथें उभ्या असलेल्या भलत्याच गाडींत बसते, आणि जी गाडी तिची होती तींत, कोणा सज्जनाचें पक्षद्वार उघडें दिसलें म्हणून आलेला, पायांत बेडी असलेला आर्यक चढतो. प्रेमाची कथा व राज्यक्रांतीची कथा ह्या दोहोंची गांठ एका लहान दारापाशीं पडते.

आतां हें चवथ्या अंकाशीं ताडून पाहावें. तेथें वसंतसेनेच्या भवनाचें महाद्वार आहे, त्यापुढें एकामागून एक आठ चौक आहेत, आणि मैत्रेय त्यांचें तोंड भरून वर्णन करतो. वर्णन सुरेख आहे. पण त्या महाद्वारानें कथेंत घडतें काय? कांहींच नाहीं. मोठ्या दाराच्या वाट्याला शोभा आली आणि लहान दाराच्या वाट्याला नाट्य आलें. (तिसऱ्या अंकांतला शर्विलक तर दोहोंचाही आधार घेत नाहीं, भिंतीला नीट आंखून भोंक पाडतो. स्वतःची दिंडी स्वतः करणारा तो एकच.) शूद्रकाचें मर्म मला असें दिसतें कीं, दरिद्री झालेल्या चारुदत्ताच्या घराला आतां भव्य असें कांहीं उरलेलें नाहीं, पण त्याचें लहान दार संकटांतल्या माणसाला उघडें सांपडतें.

इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांना दुसरी एक दिंडी परिचयाची आहे, ती बन्यनच्या १६७८ सालच्या यात्रिकाच्या कथेंतली. हें पुस्तक हरि केशवजींनीं 'यात्रिकक्रमण' ह्या नांवानें १८४१ मध्यें मराठींत आणलें. त्यांतला यात्रिक पाठीवर ओझें घेऊन अशाच एका लहान दाराशीं येतो व तें ठोठावतो. दाराचा रक्षक दार उघडून स्वस्थ उभा राहत नाहीं. तो त्याचा हात धरून त्याला आंत ओढून घेतो, कारण जवळच्या गढींतून शत्रु बाण मारीत असतो. बन्यनच्या उपदेशाशीं आपलें देणेंघेणें असो वा नसो, ही ओढ मात्र विसरतां येत नाहीं. दार अरुंद आहे, पण दारावरचा माणूस येणाऱ्याच्या बाजूचा आहे.

दिंडीचीं आणखी रूपें आहेत. इंग्लंडांत शेतांतल्या पायवाटांवर माणूस जाईल पण गुरें जाणार नाहींत अशीं झुलतीं फाटकें असतात. रेल्वेच्या फाटकाशेजारीं पायीं जाणाऱ्यांसाठीं लहान दार ठेवण्याची रीति आहे. क्रिकेटमधील विकेट हीही मुळांत दोन काठ्यांची, वर आडवी काडी ठेवलेली इवलीशी दिंडीच. तिसरी काठी पुढें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत आली. ह्यांपैकीं कोणतीही माणसाची मान खालीं करण्यासाठीं केलेली नाहीं.

आतां पुन्हां जालन्यास येतों. माझा आक्षेप असा आहे कीं, आमच्या कारखान्यांनीं किल्ल्याची दिंडी उचलली, पण किल्ल्याचा विचार उचलला नाहीं. शत्रूसाठीं ठरविलेली उंची त्यांनीं आपल्याच माणसांना लावली. रोज त्याच माणसानें, त्याच्या कामासाठीं, त्याला हजेरी लावून आंत घ्यावयाचें, आणि घेतांना तो चाल करून आला आहे अशी तजवीज ठेवावयाची. मालकाची मोटार आली कीं मोठें फाटक सरकतें, त्यामुळें वाड्याच्या धन्याप्रमाणें त्याला स्वतःच्या दिंडीची उंची कधीं कळत नाहीं. कोणी म्हणेल, कारखान्यांतून माल चोरीस जातो, आंत जाणारा व बाहेर येणारा एकेक करून पाहावा लागतो. हें खरें आहे. पण एकेकानें जाण्यासाठीं दार अरुंद असावें लागतें, बुटकें नव्हे. अरुंदपणांत मोजदाद आहे. बुटकेपणांत नुसती मान खालीं घालणें आहे.

उंचीचा प्रश्न मानाचा म्हणून सोडून दिला तरी कडीचा प्रश्न जिवाचा आहे. माझा एक जुना विद्यार्थी एका कारखान्यांत भट्टीवर कामास होता. त्यानें सांगितलें कीं, रात्रीं बारानंतर दिंडीला कुलूप पडे, आणि किल्ली पहारेकऱ्याच्या खिशांत असे. पहारेकरी कधीं मागच्या भिंतीकडे फेरीला, कधीं चहाला. भट्टीचें काम ज्यांना ठाऊक आहे त्यांना भीति समजावून सांगण्याची गरज नाहीं. भंगारांत ओलावा राहिला, किंवा तोंड बंद असलेला एखादा डबा नजरेतून सुटला, तर वितळलेल्या लोखंडांत स्फोट होतो. अशा वेळीं माणसें एकाच दिशेला धांवतात, आणि त्या दिशेला वीतभर उंबऱ्याची, साडेचार फुटी, आंतल्या बाजूस उघडणारी, कुलूप घातलेली दिंडी असते. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३८ व्या कलमानें मूळांत असें सांगितलें होतें कीं, बाहेर पडण्याचें दार आंतून चटकन उघडतां येणार नाहीं असें बंद करूं नये, व तें बाहेरच्या बाजूस उघडावें. त्याचा रोख खोलीच्या दारांवर होता; कुंपणाच्या फाटकापर्यंत तो विचार कोणीं नेला नाहीं. अमात्यांनीं मात्र सव्वादोनशें वर्षें आधीं तो तटापर्यंत नेला होता. एकच दरवाजा असलेला गड त्यांना सदोष वाटला. त्यांना आमच्या रस्त्यावरून फिरविलें तर ते किती गड पसंत करतील?

उपाय फार मोठा नाहीं. सरकत्या फाटकाशेजारीं भिंतींतच एक पक्षद्वार ठेवावें. तेथें चाकांची पट्टी नाहीं म्हणून उंबरा नाहीं, आणि वर झडपेची कड नाहीं म्हणून मान घालण्याचें कारण नाहीं. मागच्या भिंतीला एक चोरदिंडी असावी, तिला आंतून कडी असावी, कुलूप नसावें. जागेच्या अडचणीनें झडपेंतच दार ठेवावें लागलें तर तें निदान पुरुषभर उंच असावें. कांहीं नव्या कारखान्यांनीं बाजूला निराळें दार ठेवलेलें मीं पाहिलें आहे. तेथें आठ वाजतां गर्दी होत नाहीं आणि सायकलींना मागच्या चाकावर उभें राहावें लागत नाहीं.

परवां एका वेल्डिंगच्या दुकानापाशीं एक नवें फाटक तयार होतांना दिसलें, म्हणून थांबलों. झडप भिंतीला टेकून उभी होती आणि दिंडीची चौकट अजून बसावयाची होती. कारागीर ओळखीचा निघाला. त्याचा मुलगा आमच्या कॉलेजांत आहे. मीं विचारलें, "ह्या दिंडीची उंची तुम्ही कशी ठरवतां?"

"ठरवायची काय त्यात, सर? साडेचार. जुन्या गेटावरून माप आणलंय."

"आणि त्या जुन्या गेटाचं?"

तो हंसला. "ते आमच्या वडिलांनी केलं होतं. त्यांनीही कुठल्या तरी गेटावरून आणलं असणार."

सहा फुटांची केली तर खर्च किती वाढेल, असें मीं विचारलें. त्यानें टेप घेतला, मनाशीं हिशेब केला, आणि दोन्ही बाजूंस मिळून तीन फूट अँगल व थोडें वेल्डिंग एवढाच फरक पडेल म्हणून सांगितलें. मालकाला विचारून पाहतो, असेंही म्हणाला. मग खडूनें झडपेवर सहा फुटांवर एक रेघ ओढली व तिच्याखालीं पाठ टेकून उभा राहिला. रेघ त्याच्या डोक्याच्या चार बोटें वर होती.