डिलीट झालेला डेटा आणि २०१५ चा एक पेपर

मोबाइलमधून उडालेले फोटो परत मिळतात का, असं कुणी विचारलं की एक पेपर हमखास पुढे केला जातो: केंब्रिज विद्यापीठाच्या लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांचा, अँड्रॉइडच्या फॅक्टरी रीसेटवरचा. पेपर मला आवडतो. तो ज्या पद्धतीने साइट केला जातो, ते मात्र खटकतं.

आधी ताकद बघू. लेखकांनी पाच कंपन्यांचे २१ जुने फोन घेतले आणि रीसेटनंतर मेमरीत काय उरतं ते थेट वाचलं. मेसेज, फोटो, इतकंच काय गूगल खात्याचं टोकनही सापडलं. कारण असं की फाइल डिलीट केल्यावर आधी फक्त तिची नोंद जाते. मूळ डेटा फ्लॅश मेमरीतली ती जागा खरोखर पुसली जाईपर्यंत तिथेच पडून असतो. रीसेटने ती पुसायला हवी होती, पण अनेक फोनमध्ये ते काम अर्धवटच होत होतं. कंपनीच्या शब्दावर न विसंबता स्वतः तपासणं, हे या पेपरचं खरं यश.

आता कमजोरी. २१ फोनवरून ५० कोटी फोनचा अंदाज बांधलाय. लेखकांनी 'जास्तीत जास्त' आणि 'असू शकतात' असं जपून लिहिलंय, पण साइट करताना नेमके हेच शब्द गळतात. दुसरं म्हणजे हे फोन अँड्रॉइड २.३ ते ४.३ वरचे. अँड्रॉइड १० पासून प्रत्येक नव्या फोनला फाइल-पातळीवरचं एन्क्रिप्शन सक्तीचं आहे. तिथे किल्ली नष्ट झाली की उरलेला डेटा म्हणजे नुसता कचरा. म्हणजे प्रश्न संपला का? नाही. एन्क्रिप्शन चालू असूनही रीसेटनंतर किल्लीची फाइल मागे राहू शकते, हे याच पेपरने दाखवलंय. म्हणून प्रश्न बदलतो: 'डेटा उरला का?' ऐवजी 'किल्ली खरंच गेली का?'

याने आपल्याला काय फरक पडतो? मुलाखती घेणारे आपण संमतीपत्रावर 'रेकॉर्डिंग नष्ट केलं जाईल' असं लिहून देतो. जुन्या, एन्क्रिप्शन नसलेल्या फोनवर नुसतं डिलीट दाबलं तर तो शब्द पाळला जात नाही. उलट, 'सगळं परत मिळतं' या भरवशावर बॅकअप न घेणाऱ्याचा फील्डवर्क नव्या फोनवर कायमचा जाऊ शकतो. तिथे शेवटची आशा म्हणजे गॅलरीचा ट्रॅश (गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस राहतात) किंवा क्लाउड. रिकव्हरी ॲप नव्हे.

तेव्हा हा पेपर जरूर साइट करा, पण त्याच वाक्यात अँड्रॉइडची आवृत्ती आणि नमुन्याचा आकार लिहा. दोन्ही लिहून वाक्य लंगडं वाटत असेल, तर तुमचा दावाच पुराव्यापेक्षा मोठा आहे.